जुन्या भट्टीची तारीख काढताय? कोकणात तरी या चुका टाळा

रस्त्याच्या कापात किंवा माडाच्या आळ्यात जुनी भट्टी निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: किती वर्षांची? सापडल्यापासून तिला कोणी कोणी हात लावला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. चुंबकीय कालमापनात पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या प्रश्नावरच लटकलेलं असतं. प्रयोगशाळेत जाण्याआधी, तिथल्या तिथे खड्ड्यातच, बहुतेक तारखा बिघडतात.

पद्धत थोडक्यात अशी. मातीत लोहाची खनिजं असतात. माती भाजली की मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आणि हेमॅटाइट सुमारे ६७५ अंशांना आपलं जुनं चुंबकत्व सोडून देतं. निवताना ही खनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि तीव्रता धरून ठेवतात. क्षेत्र स्वतः सतत सरकत असतं. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होती, १८२० च्या सुमारास ती २४ अंश पश्चिमेला गेली. भट्टीत गोठलेली दिशा त्या प्रदेशाच्या संदर्भ-वक्राशी, म्हणजे तिथलं क्षेत्र काळानुसार कसं सरकलं त्याच्या आलेखाशी, जुळवली की शेवटच्या भाजणीचा काळ निघतो. शेवटच्या भाजणीचा, बांधकामाचा नव्हे. शंभर वर्षं चाललेल्या भट्टीत फक्त शेवटचा जाळ बोलतो.

न भाजलेल्या वस्तूची तारीख मागणं

रत्नागिरी-राजापूर भागातली कातळशिल्पं गाजली तेव्हापासून ‘त्यांचं चुंबकीय डेटिंग का करत नाही?’ असं अनेकजण विचारतात. कारण ती कोरलेली आहेत, भाजलेली नाहीत. जांभ्यात लोह भरपूर आहे, पण त्याचं चुंबकत्व कातळ झिजताना, मुरताना आलेलं असतं. छिन्नीने त्यात काही बदलत नाही. किल्ल्याच्या तटातल्या चिऱ्यांचंही तेच. तट जळाला असेल आणि चिरे जागचे हलले नसतील, तर गोष्ट वेगळी.

याच्या उलटी फसगत शेतात होते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तिथली माती वर्षानुवर्षं लालसर होत जाते आणि नवख्याला ती चुलीचा तळ वाटते. राबाची धग वरच्या काही सेंटिमीटरांतच मुरते आणि तीही सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे जुनं चुंबकत्व अर्धवटच पुसलं जातं. लाल थराची जाडी, कडक भाजलेला पृष्ठभाग, काठाची ठरीव आखणी यांपैकी काहीच दिसत नसेल तर नमुना घेण्यात वेळ घालवू नका.

होकायंत्रावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. नमुना काढण्याआधी त्याच्यावर उत्तर दिशेची रेघ मारायची असते. ती रेघ दोन अंशांनी चुकली की पुढचं सगळं गणित दोन अंशांनी चुकतं. आणि कोकणात पायाखाली काय आहे? एकतर बेसॉल्ट, नाहीतर जांभा. दोन्ही सुईला ओढतात.

हे नवं ज्ञान नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रू १५३८ च्या डिसेंबरात वसईजवळ होता. तिथे खडकाच्या सान्निध्यात सुई भलतीकडे वळते, जागा बदलली की ताळ्यावर येते, हे त्याने टिपून ठेवलं. ज्या किनाऱ्यावर ही गोष्ट पावणेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी लक्षात आली, त्याच किनाऱ्यावर आज लोक मोबाइलमधल्या होकायंत्राने नमुन्यांवर रेघा मारतात. त्यातून मोबाइलच्या कव्हरला चुंबकाची कडी असली तर विचारायलाच नको.

उपाय म्हणजे सूर्य. सपाट तबकडीवर उभी काडी, तिच्या सावलीचा कोन आणि अचूक वेळ एवढं पुरतं. फक्त घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह असं धरू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि कोकण ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो साधारण १२ वाजून ३८ मिनिटांनी. त्यातही ऋतूप्रमाणे फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५२. डिसेंबरात दुपारच्या सुमारास ही ३८ मिनिटं विसरलात तर दिशा जवळपास १३ अंशांनी चुकते. एवढ्या चुकीत शतकंच्या शतकं वाहून जातात.

मे महिन्यातली अडचण आणखी निराळी. महिन्याच्या पूर्वार्धात कोकणपट्टीत एकेका ठिकाणी शून्य सावली दिवस येतो. त्या आगेमागे दुपारी काडीची सावली इतकी आखूड असते आणि इतक्या झपाट्याने फिरते की वाचनाला अर्थ उरत नाही. सकाळी नऊच्या आत रेघा मारून मोकळं व्हा. ढग आले तर टोटल स्टेशनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणीने), ज्ञात खुणेवरून दिशा घ्या. चुंबकीय होकायंत्राचं वाचनही टिपायला हरकत नाही. ते सूर्याच्या वाचनापासून किती हटतं, यावरून त्या जागेचा खडक किती खोड्या करतो ते समजतं.

उचलून आणलेली वीट

गावातल्या एखाद्या हौशी माणसाने भट्टीतली चांगली वीट घरी आणून ठेवलेली असते आणि ती मोठ्या अभिमानाने दाखवली जाते. ती भट्टीत कशी बसली होती हे आता कळत नाही, म्हणून दिशेच्या दृष्टीने ती वीट मेली. तिच्यातून फक्त क्षेत्राची जुनी तीव्रता काढता येते. त्यासाठी एमिल थेलिए यांनी फ्रान्समध्ये घडवलेली, नमुना टप्प्याटप्प्याने पुन्हा तापवण्याची पद्धत वापरतात. काम वेळखाऊ आणि निकाल हमखास नाही. खापरांचंही तसंच.

जागेवर असलेल्या भट्टीतही भिंतीपेक्षा तळावर भरवसा जास्त ठेवा. आपल्या पावसात मातीच्या भिंती फुगतात, बाहेर कलतात, आणि कललेली भिंत नेमकी नती बिघडवते. नती म्हणजे सुई क्षितिजाखाली किती झुकते तो कोन. आता हे या किनाऱ्यावर का जास्त झोंबतं ते पाहा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी आहेत. विजेच्या ट्रामच्या त्रासामुळे हे काम १९०४ मध्ये अलिबागला गेलं आणि तिथे ते आजही चालू आहे. या सलग नोंदींत दिक्पात, म्हणजे खऱ्या उत्तरेपासूनचा फरक, फारसा हलताना दिसत नाही. नती मात्र काही अंशांनी वाढलेली आहे. म्हणजे अलीकडच्या दोनेक शतकांतल्या चुन्याच्या किंवा विटांच्या भट्टीबद्दल नतीच काय ते सांगणार, आणि कललेल्या भिंतीत नेमकी तीच बिघडलेली असते.

तळ चांगला असला तरी सगळे नमुने एकाच कोपऱ्यातून घेऊ नका. भाजलेली रचना स्वतःच आसपासचं क्षेत्र किंचित वाकवते, त्यामुळे तळ आणि भिंत, एक बाजू आणि दुसरी बाजू यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. चारी बाजूंनी मिळून दहा-पंधरा नमुने घ्या. पितळी किंवा ॲल्युमिनियमची हत्यारं वापरा. कुदळ आणि लोखंडी थापी रेघ मारताना लांब ठेवा, स्कूटरही. ओलसर, भुसभुशीत मातीवर आधी प्लास्टर ऑफ पॅरिसची टोपी घाला, तिचा माथा पाणसळीने सपाट करा, रेघ मारा, मगच कापा.

युरोपचा वक्र वापरणं

संगणकावर तयार आज्ञावली मिळते, त्यात ब्रिटनचा किंवा फ्रान्सचा वक्र निवडला तरी ती निमूटपणे तारीख देते. ती तारीख चौलच्या भट्टीची नसते. संदर्भ-वक्र साधारण पाचशे ते हजार किलोमीटरच्या परिसरापुरता चालतो. भारतासाठीची माहिती युरोपच्या मानाने विरळ असल्याने इथे बहुतेकदा जागतिक प्रारूपांवर, म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या गणिती मांडणीवर, काम भागवावं लागतं. १५९० नंतरच्या काळासाठी जहाजांच्या नोंदींवर उभं असलेलं ‘गुफ्म१’ आहे, आणखी मागे जायचं तर ‘एसएचए.डीआयएफ.१४के’सारखी. त्यांच्यातून येणारी कालमर्यादा रुंद असते. रुंद आली म्हणून ती हाताने अरुंद करू नका.

निकाल विचित्र आला तर

उत्तर जवळपास थेट उत्तरेकडे आणि नती २५-२६ अंश आली, तर आनंद आवरा. अलिबागचं आजचं क्षेत्र हेच आहे. एकतर भट्टी अलीकडची, नाहीतर जुन्या चुंबकत्वावर आजच्या क्षेत्राचं पुट चढलंय. नमुने १०० ते २०० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवून, बिनक्षेत्राच्या, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रोखलेल्या, जागी निववून पाहा. पुट असेल तर दिशा सरकते आणि पुढे एका जागी स्थिर होते.

नमुने चहूकडे विखुरले तर आधी आराखडा काढा. चुकार नमुने एकाच भिंतीचे असतील तर ती भिंत ढळली आहे, तेवढे वगळा आणि वगळल्याचं लिहा. विखुरलेपणासोबत चुंबकत्व इतरांच्या कित्येक पट असेल तर वीज पडल्याचा संशय घ्या. उघड्या सड्यावर हे अगदी शक्य आहे.

तीव्रता मोजताना दर टप्प्याला नमुना जास्तच चुंबकीय होत असेल, तर तापवण्यामुळे त्यात नवी खनिजं तयार होताहेत. लोहाने भरलेल्या लाल मातीत हे होतं. तो नमुना बाद.

आणि एकाच दिशेला दोन तारखा? हा दोष नव्हे. क्षेत्र फिरत फिरत पुन्हा त्याच दिशेला येऊ शकतं. निवड खापरांवरून, नाण्यांवरून, थरावरून करायची. कार्बन-१४ ची साथ घेताना शिंपल्याच्या चुनाभट्टीत शिंपलाच पाठवण्याचा मोह होतो. समुद्रातला कार्बन मुळातच जुना असतो. जागतिक सरासरीने सुमारे ४०० वर्षांचा हा फरक दुरुस्त केल्याशिवाय तारीख मागेच पडणार. त्यापेक्षा तळातल्या बारीक काटक्यांचा कोळसा पाठवा. मोठ्या ओंडक्याचा गाभा नको, कारण तो झाड तोडण्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

अहवालात नुसतं साल छापू नका. दिक्पात, नती, त्यांच्यातल्या संभाव्य चुकीची मर्यादा, नमुन्यांची संख्या, अक्षांश-रेखांश आणि वापरलेल्या प्रारूपाचं नाव, एवढं लिहा. दोन-तीन नमुने न कापता, लोखंड आणि स्पीकरपासून दूर, दिशेच्या रेघेसकट जपून ठेवा. भारताचा वक्र दाट झाला की हेच आकडे पुन्हा जुळवता येतील, तोपर्यंत भट्टी जागेवर असो वा नसो.