शांत रिसॉर्ट हवंय? मग आधी जनरेटर कुठे आहे ते विचारा

मी नऊ वर्षं समुद्रकाठच्या रिसॉर्ट्समध्ये फ्रंट ऑफिसला होते, त्यातली चार रात्रपाळीची. रात्री काउंटरवरचा फोन वाजला की बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असायची: पाणी येत नाही, एसी चालत नाही, नाहीतर आवाज होतोय. पहिल्या दोन्हींसाठी मेंटेनन्सचा माणूस पाठवता येतो. आवाजावर आमच्याकडे एकच औषध, दुसरी खोली. रिसॉर्ट फुल असेल तर तेही नाही.

एक जोडपं अजून डोळ्यांसमोर आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, म्हणून आम्हीच कौतुकाने त्यांना वरच्या दर्जाचा सूट दिला होता, थेट समुद्रासमोर. रात्री साडेअकराला काका खाली आले, पायात खोलीतल्या पांढऱ्या सपाता. आवाज न चढवता म्हणाले, "बाळ, समुद्र दिसतोय, पण ऐकू येत नाहीये." सूट आणि समुद्र यांच्या मधे लॉन, आणि लॉनवर कुणाच्या तरी लग्नाची पार्टी. मी त्यांना मागच्या बागेकडच्या साध्या खोलीत हलवलं. सकाळी सूट मोकळा असूनही ते परत गेले नाहीत.

तेव्हापासून कुणी मला 'दोघांसाठी शांत, चांगलं रिसॉर्ट सांग' म्हणालं, की मी नाव सांगत नाही. कारण शांतता रिसॉर्टला नसते, खोलीला आणि तारखेला असते.

तारे मोजू नका. हॉटेलांच्या ताऱ्यांचं जगभर एकच मोजमाप नाही, आणि जिथे आहे तिथेही मुख्यतः सोयी मोजल्या जातात. सोयी वाढल्या की आवाजाच्या जागाही वाढतात: पूल बार, बँक्वेट, मुलांचा क्लब, जेट-स्की. मी आधी खोल्यांची संख्या बघते. तीस-चाळीस खोल्या आणि बँक्वेट हॉल नाही, एवढं दिसलं तरच पुढे वाचते.

मग उपग्रहाचा नकाशा उघडायचा. जाहिरातीतल्या फोटोत कधीच न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात: शेजारचा मोकळा प्लॉट (म्हणजे उद्याचं बांधकाम), किनाऱ्यावर येणारा सार्वजनिक रस्ता, त्याच्या टोकाची पार्किंगची जागा. इमारतीच्या मागे सामानाचे ट्रक उभे राहायची जागा दिसली की समजायचं, किचन आणि डीजी सेट (डिझेलवरचा जनरेटर) तिकडेच. ज्या ब्लॉकची पाठ तिकडे आहे, तो नको.

इथे शाळेतला भूगोल उपयोगी पडतो. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे उलटे वाहतात. म्हणजे रात्री मागच्या रस्त्याचा आणि जनरेटरचा आवाज वाऱ्यावर बसून समुद्राकडच्या खोल्यांत येतो. त्यात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली, की आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबून ऐकू येतो. दुपारी 'किती शांत आहे हो' म्हणणारे पाहुणे रात्री एक वाजता फोन करायचे, ते उगाच नाही.

समुद्राचीही चौकशी करा. रिसॉर्टचे फोटो बहुधा भरतीचे असतात. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं, की पोहायला जाणं म्हणजे चिखलातली पायपीट. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही. त्या गावाचं भरतीचं वेळापत्रक बघून तारखा ठरवल्या तर संध्याकाळ पाण्यात जाते. उलट, किनारा एकदम उतरता असेल तर लाटा धाडकन फुटतात. तो आवाज मला अंगाईसारखा वाटतो, माझ्या नवऱ्याला दार ठोठावल्यासारखा.

बेटांवरच्या रिसॉर्टचं गणित थोडं वेगळं. मालदीवमध्ये सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे रात्र सुखाची. पण धक्क्याजवळची व्हिला घेतलीत तर दिवसभर इंजिनं ऐकत बसाल. कॅरिबियनच्या बऱ्याच किनाऱ्यांवर २०११ पासून सरगॅसम हे समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणावर येऊन पडतं. ते उचलायला सकाळी ट्रॅक्टर फिरतात. ज्या महिन्यांत ते येतं, तेव्हा तिथे जाऊन शांततेची अपेक्षा धरू नये.

तारखांबद्दल थोडक्यात. शाळांच्या सुट्ट्या आणि लाँग वीकएंड टाळा, रविवार रात्र ते गुरुवार उत्तम. अगदी ऑफ-सीझनला मात्र सांभाळून, कारण रंगकाम आणि फरशा फोडणं तेव्हाच निघतं.

आता फोन. बुकिंगच्या मध्यवर्ती नंबरवर नको. थेट रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला, आणि रात्री दहाच्या सुमारास. दुपारी चेक-इनच्या गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो. रात्रपाळीवाल्याला असतो, आणि तक्रारी कुठल्या खोल्यांतून येतात हे त्याच्याइतकं मॅनेजरलाही माहीत नसतं. शिवाय तो बोलत असताना मागे काय वाजतंय तेही ऐकू येतं.

'शांत आहे का?' असं विचारू नका. उत्तर 'हो' असंच येणार, मीही तेच द्यायचे. विचारायचं ते असं: त्या तारखांना बँक्वेटचं किंवा ग्रुपचं बुकिंग आहे का? लॉनवरचं म्युझिक किती वाजता बंद होतं? डीजी कुठल्या बाजूला? खोलीला कनेक्टिंग डोअर आहे का? ते दार दिसायला भक्कम असतं, पण शेजारच्यांची कुजबुज आणि खोकला आरपार येतो. वरच्या मजल्यावरची टोकाची खोली मागा. लिफ्टपासून आणि हाउसकीपिंगच्या पँट्रीपासून लांब. पहाटे लिननच्या ट्रॉल्या तिथूनच निघतात.

आणि एक गोष्ट ईमेलने, जायच्या दोन दिवस आधी, लेखी कळवा: 'आम्हाला व्ह्यूपेक्षा शांतता महत्त्वाची आहे. खोली अपग्रेड करणार असाल तर आधी विचारा.' बुकिंगमध्ये 'ॲनिव्हर्सरी' दिसली की आमचे हात आपोआप सर्वांत देखण्या खोलीकडे जातात. आणि देखणी खोली पुष्कळदा पूल बारच्या डोक्यावर असते.

रिव्ह्यू वाचताना नव्यापासून सुरुवात करा. कौतुक वाचू नका, एक तारा देणाऱ्यांना वाचा. 'रात्री नऊनंतर सगळं सामसूम', 'करायला काहीच नाही', असं कुणी वैतागून लिहिलं असेल तर ते तुमचं रिसॉर्ट.

एवढं सगळं करूनही मी एकदा फसलेच. लांबची, टोकाची व्हिला घेतली. वर कोणी नाही, शेजार एकाच बाजूला. पहाटे पावणेसहाला पीं-पीं-पीं. पाहुण्यांना ने-आण करणाऱ्या बग्ग्या रस्ता संपतो तिथे, म्हणजे आमच्या दारात, रिव्हर्स घेऊन वळत होत्या. नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "नऊ वर्षांचा अनुभव ना तुझा?" आता बग्ग्या कुठे वळतात हेही विचारते.

पोचल्यावर खोलीत शिरलात की बॅगा उघडू नका, पलंगावर बसू नका. एसी आणि पंखा बंद करून दोन मिनिटं नुसते उभे राहा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी सुमारे ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. मोबाइलवरचं ॲप इतकं कमी नीट मोजत नाही, म्हणून कानच वापरा. छोट्या फ्रिजची घरघर आली तर प्लग काढा. भिंतीतून पंपाचा आवाज आला तर लगेच खाली फोन करा. न वापरलेली खोली बदलून देणं काउंटरवरच्या माणसाला सोपं जातं. पलंगाची चादर एकदा चुरगळली, की हाउसकीपिंगला परत बोलवावं लागतं, आणि मग तो दहा कारणं शोधतो. मीही शोधायचे.