बंद झालेल्या विमान कंपन्यांची जुनी मॉडेल्स जमवताना या चुका टाळा

जुने मॉडेल हाती आले की नवा संग्राहक पहिल्याच आठवड्यात ते ‘नव्यासारखे’ करायला बसतो, आणि कधीही भरून न येणारे नुकसान बहुधा त्याच आठवड्यात होते. पॅन ॲम, ईस्टर्न, ब्रॅनिफ, बीओएसी यांच्या रंगांतील ही मॉडेल्स विमान-उत्पादकांनी विक्रीच्या बैठकांसाठी आणि विमान कंपन्यांनी तिकीट कार्यालयांत मांडण्यासाठी करवून घेतलेली असतात. त्यांच्यावरची अक्षरे आणि पट्टे पुष्कळदा डीकॅलचे, म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापून चिकटवलेल्या चित्रांचे असतात, त्यावर पारदर्शक लॅकरचा हात दिलेला असतो, आणि वर्षे लोटली की पिवळा पडतो तो हा लॅकर.

हे मला ठाऊक नव्हते तेव्हा पॅन ॲमच्या बोइंग ७०७ च्या एका मॉडेलवरचा पिवळेपणा काढण्यासाठी मी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा शेपटीवर फिरवला. पहिल्या फेरीत खालचा पांढरा रंग उजळला म्हणून मी दुसरी फेरी घेतली, आणि पॅन ॲमचे बोधचिन्ह असलेल्या निळ्या गोलाची अर्धी कड बोळ्यावर उतरून आली. लॅकर आणि डीकॅल इतक्या वर्षांत एकजीव झाले होते. एक विरघळवायचा आणि दुसरा राखायचा, हे शक्यच नव्हते. ती शेपटी मी आजही तशीच ठेवली आहे, कारण नवे डीकॅल लावले असते तर उरलेला अर्धा अस्सल गोलही गेला असता. आता मी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडतो, फार तर पोटाखालच्या कोपऱ्यात जेमतेम ओलसर कापूसकाडी फिरवून पाहतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. पिवळेपणा राहिला तर राहू द्यावा. संपूर्ण पुन्हा रंगवलेल्या मॉडेलला मी जुने मॉडेल मानत नाही.

दुसरी चूक रंगसंगतीच्या इतिहासाकडे पाठ फिरवण्याची, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. पॅन ॲमच्या रंगांतील कॉन्कॉर्ड, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान, दिसले की ‘ही कंपनी कॉन्कॉर्ड उडवतच नव्हती’ म्हणून लोक ते बनावट ठरवतात. वास्तविक पॅन ॲमने कॉन्कॉर्डच्या खरेदीचे पर्याय राखून ठेवले होते आणि जानेवारी १९७३ मध्ये ते सोडले, त्यामुळे त्या आधीच्या काळातील विक्रीचे मॉडेल अस्सल असू शकते. पॅन ॲमचे डीसी-१० पाहूनही असाच संशय घेतला जातो, पण १९८० मध्ये नॅशनल एअरलाइन्स विलीन झाल्यावर ती विमाने खरोखर पॅन ॲमकडे आली होती. याउलट ७०७ वर पुढच्या भागात पसरलेली प्रचंड ‘पॅन ॲम’ अक्षरे असतील तर मी खरेदी थांबवतो: ती अक्षरशैली १९८० च्या दशकाच्या मध्यातली आहे आणि पॅन ॲमची ७०७ विमाने १९८१ मध्येच निवृत्त झाली होती. तारखा जुळवायला अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसलेल्याने या छंदात पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टँडवर पॅसिफिक मिनिएचर्स किंवा वेस्टवे या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांचे नाव आहे, एवढ्यावरून विमान त्यांचेच आहे असे धरू नये. स्टँड सर्रास बदललेले असतात, म्हणून पोटाखालचे छिद्र आणि दांडा एकमेकांत नीट बसतात का ते पाहावे.

विक्रेत्याने सांगितलेल्या प्रमाणावर विसंबू नये, टेप लावावी: १:१०० प्रमाणातील बोइंग ७४७-१०० सुमारे ७०.७ सेंटिमीटर लांब भरले पाहिजे.

पंखाला धरून मॉडेल कधीही उचलू नये. खिडकीसमोर ठेवू नये.

सेल्युलोज ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकच्या मॉडेलला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ते बंद काचपेटीतून लगेच बाहेर काढावे, कारण सुटणारे आम्ल आतच कोंडून विघटन वाढवते आणि शेजारच्या धातूच्या मॉडेल्सनाही बाधते. असे प्रत्येक मॉडेल मी हवेशीर, थंड कपाटात वेगळे ठेवतो आणि पंख वाकू लागले आहेत का हे दर महिन्याला पट्टी लावून पाहतो.