निरगुडीनं सूज उतरते का, हे तपासायचं तर

वाळव्याला आमच्या घरामागच्या ओढ्याकाठी निरगुडी माजलेली असायची. शेळी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणालाही तीच. आजीचा गुडघा धरला की ती सात पानं तव्यावर गरम करायची आणि एरंडेल चोपडून बांधायची. पुढं मी फार्मसीला शिकवायला लागले. आता दरवर्षी एक तरी पोरगा येतोच, "मॅडम, प्रोजेक्टला निरगुडी घेऊ का?"

घे की. पण आधी फुलासकट फांदी तोड, रद्दीत दाबून सुकव आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून नाव पक्कं करून आण. निरगुडीच्या एका पानाला तीन किंवा पाच पर्णिका असतात, आणि तिची तीनपानी भावंडंही आहेत. मग पानं सावलीतच वाळव, उन्हात त्यातलं उडणारं तेल जातं. भरड कर, अल्कोहोलात अर्क काढ. शंभर ग्रॅम भुकटीतून किती अर्क निघाला तो आकडा वहीत लिही, शेवटी लागेल.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय जनावराला हात लावायचा नाही. सुरक्षित मात्रा आधी ठरवायची, सूज नंतर.

सुजेची नेहमीची चाचणी कॅराजीननची. हा समुद्री शेवाळातून निघणारा पदार्थ, टोचला की तिथं सूज येते. १५० ते २०० ग्रॅमचे विस्टार रॅट (प्रयोगशाळेतले पांढरे मोठे उंदीर), सहा-सहाचे गट: एकाला अर्क ज्यात कालवला ते नुसतं पाणी, एकाला डायक्लोफिनॅक हे सुजेवरचं नेहमीचं औषध, बाकीच्यांना अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा. तोंडावाटे दिल्यावर तासाभरानं मागच्या पंजाच्या तळव्यात १ टक्का कॅराजीनन, ०.१ मिली टोचायचं. मग प्लेथिस्मोमीटरमध्ये, म्हणजे पाय बुडवल्यावर किती पाणी सरकलं ते दाखवणाऱ्या यंत्रात, पाय बुडवून दर तासाला आकारमान मोजायचं.

इथंच सगळं बिघडतं. माझ्या पहिल्या प्रयोगात पाय कुठवर बुडवायचा त्याची घोट्यावर खूण केली साध्या पेनानं. रॅटनं ती चाटून टाकली, वर दर तासाला पाय बुडवणारा हात वेगळा. दुसऱ्या तासाला औषध न दिलेल्या गटाचीही सूज 'उतरली'! सगळं रद्द, जनावरं फुकट गेली. आता आमच्याकडे पक्क्या शाईची खूण, पाय बुडवणारा एकच माणूस, आणि कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे त्याला माहीत नाही.

पहिल्या तास-दीड तासाची सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनची, तिसऱ्या तासानंतरची प्रोस्टाग्लँडिनची; ही तिन्ही शरीरातच सुटणारी रसायनं. त्यामुळे फक्त शेवटचा आकडा देऊन भागत नाही, अर्कानं कुठल्या तासाला काम केलं ते दाखव.

वेदना वेगळी मोजायची. माईसच्या (लहान उंदरांच्या) पोटात ॲसेटिक ॲसिड दिलं की ते अंग पिळतात, ते पिळे मोज. पण मरगळलेला माईसही कमी पिळतो, हे ध्यानात ठेव. जोडीला ५५ अंशांची गरम तबकडी लाव. पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद लागले ते बघ, पंधरा झाले की उचल, नाहीतर पाय भाजतो.

हे सगळं आजीला रंगवून सांगितलं होतं. ती म्हणाली, "आगं, पर उंदराला शेकलंस का?"

नव्हतं शेकलं. ती बाहेरून लावायची आणि आम्ही अल्कोहोलचा अर्क पाजत होतो. तिचंच औषध तपासायचं असेल तर वरून लावायचे गट हवेत: नुसता शेक, शेक आणि एरंडेल, शेक, एरंडेल आणि पान. शेकानं बरं वाटतंच, एरंडेलालाही स्वतःचा गुण आहे. तिसरा गट दुसऱ्यापेक्षा सरस निघाला, तरच पानाचं नाव घ्यायचं.

आणि रॅटची मात्रा माणसाला जशीच्या तशी लावू नको. समजा रॅटला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलंस, तर त्याला ६.२ नं भाग (रॅटची मात्रा माणसाच्या मात्रेत बदलायचा हा नेहमीचा भाजक), साधारण ३२ येतात. साठ किलोच्या माणसाला झाला जवळपास दोन ग्रॅम अर्क. आता वहीतला आकडा काढ. अर्क दहा टक्के निघाला असेल तर वीस ग्रॅम वाळलेली पानं झाली, तीही पोटात. आजी सात पानं बांधायची, आणि गिळायची एकही नाही.