रेसिडेन्सीतल्या कलाकारांना प्रिव्ह्यूच्या दिवशी भेटताना
रेसिडेन्सी म्हणजे कलाकाराने काही काळ एखाद्या संस्थेत राहून काम करणं. ना-नफा संस्थेच्या कलामेळ्याचा प्रिव्ह्यू (सर्वांसाठी खुला होण्याआधीची भेट) असो की दिल्लीत 'खोज' या कलासंस्थेतला ओपन स्टुडिओ (कलाकारांच्या कामाच्या जागा पाहुण्यांना खुल्या असतात तो दिवस), दारं उघडताच पोहोचा. गर्दी वाढली की कलाकाराशी निवांत बोलणं होत नाही. 'याचा अर्थ काय?' याऐवजी 'इथे आल्यावर कामात काय बदललं?' विचारा; मग टेबलाखालच्या स्केचवह्यासुद्धा बाहेर निघतात. फोटोआधी परवानगी घ्याच.

विकत घेणार असाल तर वाकून, जवळून बघा. छापचित्राखाली पेन्सिलीने ३/१० लिहिलं असेल, तर ती १० प्रतींतली तिसरी. रेसिडेन्सीतलं तैलचित्र बहुधा ताजं असतं: वरून सुकलेला जाड थर आतून कित्येक महिने ओलाच राहतो. त्यावर बबलरॅप थेट गुंडाळला की बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. रंगाला काहीच टेकणार नाही अशी खोल पेटी मागा. पैशांतला किती वाटा कलाकाराला जातो, हेही संकोच न करता विचारा.