रिअ‍ॅक्टरची पॉवर मोजताना या चुका टाळा

दर रविवारी सांगलीत माझ्याकडं डिप्लोमाची पाच-सहा पोरं येतात, न्यूक्लिअर प्लांटच्या इंटरव्ह्यूची तयारी करायला. मी स्वतः साखर कारखान्याच्या को-जनला (वीज बनवणाऱ्या विभागात) इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, रिअ‍ॅक्टरवर काम केलेलं नाही, पण फ्लो आणि टेंपरेचर मोजण्यातच आयुष्य गेलंय आणि पोरांच्या चुका बघितल्या की आमचा बॉयलर आठवतो, म्हणून लिहितोय.

आधी मेगावॅटचा घोळ. चेर्नोबिलचा रिअ‍ॅक्टर वीज १००० मेगावॅट द्यायचा पण उष्णता ३२००. सेफ्टीची लिमिट उष्णतेवर असते, त्यामुळं जनरेटरचा मीटर बघून रिअ‍ॅक्टरची पॉवर सांगू नका.

दुसरी चूक मोठी, न्यूट्रॉन डिटेक्टरचा (अणू फुटताना निघणारे न्यूट्रॉन टिपणाऱ्या यंत्राचा) आकडा म्हणजेच पॉवर असं धरून चालायचं. डिटेक्टर नुसता करंट देतो, तो झटक्यात बदलतो म्हणून ट्रिपसाठी (रिअ‍ॅक्टर आपोआप बंद करण्यासाठी) तोच पाहिजे, पण ह्या करंटला किती टक्के म्हणायचं हे ठरतं हीट बॅलन्सवरून, म्हणजे फीड वॉटरचा (वाफ करायला आत सोडलेल्या पाण्याचा) फ्लो गुणिले वाफ आणि पाणी यांच्या एन्थाल्पीतला (दर किलोमागच्या उष्णतेतला) फरक. दोन आकडे जुळेनात की पोरं म्हणतात सर, डिटेक्टरचा गेन (आकडा वरखाली करायची सेटिंग) फिरवू. अरे थांबा! पॉवर स्थिर आहे का बघा, लोड वरखाली होत असेल तर हीट बॅलन्सलाच अर्थ नाही. मग आत येणाऱ्या पाण्याचं तापमान बघा, कारण डिटेक्टर कोअरच्या (इंधन असलेल्या गाभ्याच्या) बाहेर असेल तर थंड पाणी दाट होऊन जास्त न्यूट्रॉन अडवतं आणि डिटेक्टर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

आणि मग फ्लो, सगळं तिथंच अडतं. दोन सीझनमागं आमच्याकडं फीड वॉटर आणि स्टीमचे फ्लो जुळेनात, आम्ही ट्रान्समीटर तीनदा कॅलिब्रेट केला, इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरला प्रेशर पोचवणारी नळी) फुंकून काढली, तरी तेच. शेवटी शटडाऊनला ऑरिफिस प्लेट (पाइपमधली भोकाची चकती, तिच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधल्या फरकावरून फ्लो कळतो) काढून भोकाच्या कडेवरून नख फिरवलं तर धार लागेचना, झिजून गोल झालेली, म्हणून फ्लो कमी दाखवत होती. रिअ‍ॅक्टरवर असं झालं तर ऑपरेटर १०० टक्के समजून चालवतोय आणि आत पॉवर त्याच्या वर. व्हेंचुरीत (मध्ये अरुंद होणारी फ्लो मोजायची नळी) उलटं होतं, आत थर बसला की फ्लो जास्त दिसतो, खरी पॉवर कमी राहते, वीज बुडते पण धोका नाही. धोका कधी, तर त्या थरासाठी करेक्शन लावून ठेवलं आणि थर एक दिवस सुटून गेला की. ह्याच अनिश्चिततेपायी अमेरिकेत अपघाताचं गणित १०२ टक्के पॉवर धरून करावं लागायचं, २००० साली नियम बदलला आणि फ्लो अचूक मोजता येतो हे दाखवणाऱ्यांना त्या २ टक्क्यांतून सूट मिळायला लागली.

शेवटची, ट्रिप झाला म्हणजे पॉवर शून्य. न्यूट्रॉन मीटर खाली जातो खरा, पण फ्युएलमधली डिके हीट (किरणोत्सारातून निघतच राहणारी उष्णता) त्या क्षणी पूर्ण पॉवरच्या ६-७ टक्के असते, ३००० मेगावॅटच्या रिअ‍ॅक्टरला साधारण २०० मेगावॅट, आणि ती ह्या मीटरवर दिसत नाही. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्लांटला २८ मार्च १९७९ ला रिअ‍ॅक्टर काही सेकंदांत ट्रिप झाला होता, तरी पुढच्या काही तासांत कोअरचा जवळपास निम्मा भाग वितळला. म्हणून पोरांनो, ट्रिपनंतर नजर पाण्याची पातळी, प्रेशर, तापमान आणि पंपांवर पाहिजे.