बेळगावला जाताना या चुका टाळा: प्रवेश, गाडीचा परवाना आणि मुक्काम

कोल्हापूर, सांगली किंवा सिंधुदुर्गातून बेळगावला येणारी मंडळी आजही सर्वांत आधी पासाची चौकशी करतात. या समजाचे मूळ करोनाकाळात आहे. 2020 मध्ये कर्नाटकात येण्यासाठी सेवा सिंधू संकेतस्थळावर नोंदणी करावी लागत होती, आणि 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल दाखवावा लागत होता. ती बंधने केव्हाच उठली आहेत. भारतीय नागरिकाला बेळगावात येण्यासाठी कोणताही पास लागत नाही, त्यामुळे पासाच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत.

परवान्याचा प्रश्न माणसाचा नसून वाहनाचा असतो. स्वतःच्या खासगी गाडीला वैध विमा, पीयूसी आणि नोंदणीची कागदपत्रे पुरेशी असतात. लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा सौंदत्तीच्या यात्रेसाठी भाड्याने ठरवलेल्या जीपला अथवा टेम्पो ट्रॅव्हलरला मात्र अखिल भारतीय पर्यटन परवाना हवा, किंवा त्या फेरीपुरता तात्पुरता परवाना काढून कर्नाटकाचा कर भरलेला हवा. हा खर्च कोणी करायचा हे मालकाशी आधी ठरले नसेल, तर नाक्यावर गाडी अडते आणि वऱ्हाड मुहूर्ताला पोहोचत नाही. पैसे वाचवण्यासाठी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने आणणे तर पूर्णपणे टाळावे, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. गोव्याहून चोर्ला घाटाने येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तेथील मद्यखरेदीची पावती म्हणजे वाहतुकीचा परवाना नव्हे.

सीमेच्या एका बाजूला माहेर आणि दुसऱ्या बाजूला सासर असलेल्या महिलांचा बसभाड्याबाबत हमखास गोंधळ होतो. महाराष्ट्र एसटीत मार्च 2023 पासून महिलांना मिळणारी पन्नास टक्के सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू आहे. पुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. कर्नाटकात 11 जून 2023 रोजी सुरू झालेल्या शक्ती योजनेचा मोफत प्रवास तेथील रहिवासी महिलांसाठी आहे. महाराष्ट्राचा पत्ता असलेले आधार कार्ड दाखवून तो मिळत नाही, म्हणून कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मुक्कामाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती तारखेची. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरमध्ये बेळगावातील सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीत भरते, आणि त्या काळात आमदार, अधिकारी व बंदोबस्तावरील पोलीस यांच्यामुळे शहरातील बरीच हॉटेले भरलेली असतात. याच सुमारास सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा भरते, तेव्हा तेथे जागा मिळेल या भरवशावर रात्री उशिरा पोहोचू नये. 1 नोव्हेंबर हा दिवस तर वेगळाच आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेची ही तारीख कर्नाटक राज्योत्सव म्हणून साजरी करते आणि सीमाभागातील मराठी माणूस काळा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी चन्नम्मा चौकाकडचे रस्ते मिरवणुकीसाठी वळवले जातात. त्या दिवसाच्या कार्यक्रमांशी ज्यांचा संबंध नाही अशा कुटुंबांनी मुलाबाळांसह त्या दिवशीचा मुक्काम टाळलेला बरा. शिवजयंतीची मिरवणूक पाहण्यासाठी येणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. बेळगावात ती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला साजरी होते आणि चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर निघते, त्यामुळे 19 फेब्रुवारीला आलेल्या पाहुण्याला ते दृश्य दिसत नाही. सीमाभागातल्या गल्लीगल्लीने जपलेला हा सोहळा पाहण्यासाठी खोली महिनाभर आधी ठरवावी, असे मला मनापासून वाटते.

जागा निवडताना केवळ दर पाहू नये. महामार्गालगतच्या हॉटेलात पार्किंग चांगले मिळते, पण खडेबाजार, गणपत गल्ली किंवा कपिलेश्वर मंदिराकडे जायचे असेल तर दर खेपेस रिक्षा करावी लागते, आणि तिचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवणे योग्य. पायी फिरणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानक किंवा टिळकवाडी परिसर पाहावा. लॉजवर प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मूळ ओळखपत्र लागते. मोबाईलमधला फोटो सगळीकडे चालत नाही. परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा घरी उतरला तरी त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणे ही यजमानाची जबाबदारी आहे, आणि नेमके हेच घरगुती समारंभात विसरले जाते.

डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये सीमावादाच्या तणावामुळे दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या थांबल्या होत्या. अशा वेळी बसस्थानकावर ताटकळण्यापेक्षा मिरजमार्गे रेल्वे गाठावी. चंदगडच्या बाजूने येणाऱ्यांना शिनोळीपर्यंत महाराष्ट्राच्या हद्दीत राहता येते आणि तेथून बेळगाव जवळच आहे. तणावाच्या दिवसांत गाडीवरचे झेंडे व घोषणांची स्टिकर्स काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

किल्ल्यातील 1204 मधली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, अवश्य पाहावी, परंतु किल्ला आणि कॅम्प परिसरात लष्कराचा वावर असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि लष्करी इमारतींकडे कॅमेरा वळवू नये. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात जांबोटीकडच्या धबधब्यांवर जाण्यापूर्वीही त्या खात्याकडे चौकशी करावी. परवानगी मिळाली नाही तर त्याच तालुक्यातील कदंबकालीन हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर मोकळेपणाने पाहता येते. मात्र रात्रीचा मुक्काम बेळगावातच धरून संध्याकाळपूर्वी परत निघावे.