शाळेतली विद्यार्थी मंडळं दिवाळीपर्यंतच का टिकतात? या चुका टाळा

जुलैमध्ये पुण्यातल्या बऱ्याच माध्यमिक शाळांचे फलक भरलेले असतात. विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, वाङ्मय मंडळ, आकाशदर्शन, शिवाय विद्यार्थी सल्लागार गट. प्रत्येकापुढे एका सरांचं किंवा बाईंचं नाव. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा फलक तसाच असतो, मंडळं कुठे गेली ते कुणी सांगू शकत नाही. मग 'हल्लीच्या मुलांना कशात रसच नाही' हे ठरलेलं वाक्य येतं. मला ते पटत नाही. मंडळ मोडतं ते बहुतेक वेळा वेळापत्रकात, आणि सल्लागार गट मोडतो मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

बैठक शाळा सुटल्यावर ठेवणं

पावणेसहाला शाळा सुटते. 'मंडळाच्या मुलांनी अर्धा तास थांबावे' असं फळ्यावर लिहिलेलं असतं. गेटबाहेर व्हॅनकाका उभे असतात. त्यांना कर्वेनगरची मुलं उतरवून वारज्याला जायचंय. एका मुलीसाठी बाकीची मुलं अर्धा तास व्हॅनमध्ये बसून राहणार नाहीत. उरलेल्यांपैकी निम्म्यांना साडेसहाचा क्लास. म्हणजे थांबतं कोण? ज्यांचं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे किंवा ज्यांना न्यायला घरून कुणी गाडीवर येऊ शकतं, ती मुलं. महिन्याभरात मंडळ शाळेचं न राहता शाळेशेजारच्या दोन-चार सोसायट्यांचं होतं, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत तर सकाळवाल्यांना थांबायला वर्गच मोकळा नसतो.

उपाय एकच: बैठक शाळेच्या वेळेत घ्या. पंधरा दिवसांतून एका शनिवारचे शेवटचे दोन तास पुरतात. पण ते छापील वेळापत्रकात हवेत. तोंडी ठरलेला तास 'गणिताचा पोर्शन राहिलाय' या एका वाक्यात जातो, आणि वर्षभर जातच राहतो.

दिनदर्शिका न बघता आखणी करणं

जूनमध्ये प्रवेश, गणवेश, पुस्तकं यांतच दिवस जातात. मग घटक चाचणी. ऑगस्टपासून आठवी-नववीची कितीतरी मुलं संध्याकाळी ढोल पथकाच्या सरावाला असतात, पुढे गणपती, लगेच सहामाही, दिवाळी. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलन आणि क्रीडा महोत्सव. एवढं वजा केलं की दोन मोकळे पट्टे उरतात: जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंत, आणि दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होईपर्यंत. दहा मंडळं या दोन पट्ट्यांत मावत नाहीत. तीन मावतात.

शिवाय कुठलं मंडळ कधी, याचाही विचार हवा. आकाशदर्शन मंडळाचं उद्घाटन जुलैत करण्याचा हौशी प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे होतो. पुण्यात सप्टेंबरअखेरपर्यंत आभाळच दिसत नाही, तारे कुठून दिसणार? दोन महिने मुलांना चित्रफिती दाखवायच्या आणि ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ झालं की सहामाही. हे मंडळ दिवाळीनंतर सुरू करा. १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था याच गावात आहे, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. मंडळाचा शेवट तिथल्या भेटीने होऊ शकतो. निसर्ग मंडळाचं बरोबर उलटं. वेताळ टेकडीवर बघण्यासारखं सगळ्यात जास्त पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ असतं, आणि नेमका तेव्हाच 'चिखल आहे, नंतर जाऊ' म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला जातो. नंतर म्हणजे मार्च. मार्चमध्ये टेकडीवर वाळलेलं गवत बघायचं. पालकांचं लेखी संमतीपत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि सोबत एक शिक्षिका, एवढी तयारी असली की चिखलाचं काही अडत नाही.

तीच सहा मुलं सगळीकडे

वर्गाची मॉनिटर तीच, वक्तृत्वात तीच, विज्ञान मंडळाची सचिवही तीच. शिक्षकांच्या दृष्टीने सोयीचं असतं, कारण तिला एकदा सांगितलं की काम होतं. पण तिच्यामागे पन्नासेक मुलं नुसती सदस्य म्हणून नावापुरती राहतात. एका विद्यार्थ्याकडे एकच पद, हा नियम करा. सल्लागार गटासाठी तर चिठ्ठ्या टाका. हात वर करून निवडणूक घेतली की मित्रमंडळाचा नेता निवडून येतो. चिठ्ठीने शेवटच्या बाकावरचा मुलगाही येतो, आणि पंखा कुठला चालत नाही, दुपारच्या सुट्टीत कँटीनपाशी काय धक्काबुक्की होते, हे त्यालाच जास्त माहीत असतं.

अध्यक्ष दहावीचा नको. सप्टेंबरनंतर तो दिसणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. अध्यक्ष नववीचा, उपाध्यक्ष आठवीचा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणीतरी जाणतं माणूस शाळेतच असतं.

सल्ला घ्यायचा, उत्तर द्यायचं नाही

सल्लागार गटाचं खरं दुखणं हे आहे. एका शाळेतला प्रकार सांगतो. गटाने पहिल्याच बैठकीत वहीचं पानभर मागण्या लिहून दिल्या. त्यात सहल कोकणात न्या, पीटीचा तास बुडवू नका हे होतंच. पण तिसऱ्या ओळीत होतं, 'मुलींच्या स्वच्छतागृहात दुसऱ्या दाराला आतून कडी नाही.' कागद फायलीत गेला. पुढच्या बैठकीला मुलांना पाणी वाचवण्याबद्दल घोषवाक्यं तयार करायला सांगितलं. तिसऱ्या बैठकीला निम्मी मुलं आली नाहीत. कडी लागायला डिसेंबर उजाडला, तीही एका पालकाने आरडाओरडा केल्यावर. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येण्याइतकंच काम होतं ते. ती कडी आठवड्यात लागली असती, तर कोकणच्या सहलीला मिळालेला नकार मुलांनी हसत घेतला असता.

म्हणून एक वही ठेवा, तीन रकान्यांची: सूचना, निर्णय, कधीपर्यंत. मुख्याध्यापकांनी प्रत्येक ओळीपुढे आठ दिवसांत लिहायचं. 'नाही, कारण बसचं भाडं परवडत नाही' हेही उत्तर आहे, मुलांना ते कळतं. मौनाचा अर्थ मात्र ती आपापल्या परीने लावतात. ही वही ग्रंथालयात सगळ्यांना दिसेल अशी ठेवली तर उत्तमच. आणि गटाला थोडे पैसे स्वतःच्या अखत्यारीत द्या, फार नकोत. कड्या, बादल्या, खेळाच्या तासाला एक चेंडू एवढं आलं तरी पुरे. हिशेब त्याच वहीत.

एक सीमारेषा पहिल्याच दिवशी सांगून टाका. कुणाच्या वागण्याबद्दलची, छळाची, अंगचटीची तक्रार या गटात चर्चेला घ्यायची नाही. चौदा वर्षांच्या मुलांनी ते ओझं उचलायचं नसतं. त्यासाठी शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असते, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गात दिसेल असा लिहिलेला असायला हवा.

फोटो झाला की मंडळ संपलं

पाहुणे, नारळ, पुष्पगुच्छ, भाषण, फोटो, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे. मुलं दीड तास सतरंजीवर मांडी घालून बसलेली. वर्षात पाहुण्यांचं व्याख्यान एकच ठेवा, बाकीच्या बैठकांत मुलांच्या हातांना काम द्या. विज्ञान मंडळात दुसरा एक प्रकार चालतो: इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान-कल्पनांच्या योजनेसाठी सरच कल्पना शोधतात आणि मुलाच्या नावाने पाठवतात. ती योजना मुलांच्या स्वतःच्या कल्पनांसाठी आहे; निवड झाली तर १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. सरांनी बनवलेलं मॉडेल घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला परीक्षकाचा दुसरा प्रश्न पेलत नाही.

जबाबदारी एकाच शिक्षकावर टाकणंही चुकीचंच. निवडणुकीचं काम आलं, बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी म्हणून नेमणूक झाली की ते महिनाभर गायब. प्रत्येक मंडळाला दोन शिक्षक हवेत, आणि त्यांच्या इतर कामातून काहीतरी कमी केलेलं हवं, नाहीतर तीही जोडी फलकावरच राहते.

एवढं करूनही एखादं मंडळ चालत नसेल, सलग तीन बैठकांना पाच-सहाच मुलं येत असतील, तर ते बंद करा. उगाच मुलं गोळा करून हजेरी भरू नका. त्या पाच-सहांना विचारा, तुम्हाला खरंच काय करायचंय? उत्तर क्रिकेटची आकडेवारी असू शकतं, मोबाइल दुरुस्ती असू शकतं. त्याचंच मंडळ काढा.